बागेतला कस्तुर: ओळख, निरीक्षण आणि नेहमीचे घोटाळे (गोवा)

कुळागरवाला

थंडी पडायला लागली की पक्ष्यांच्या प्रत्येक गटात तोच फोटो येतो. काळा पक्षी, पिवळी चोच आणि खाली प्रश्न, "ब्लॅकबर्ड का हो?" बहुतेक वेळा ती जंगली मैना असते. खरा कस्तुर, म्हणजे आपला ब्लॅकबर्ड, दिसतो तेव्हा मात्र "हा काळा कुठाय?" म्हणून लोक त्याला सोडून देतात. हे सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा.

घोळ नेटवरच्या चित्रांपासून सुरू होतो. ब्लॅकबर्ड शोधलं की युरोपातला टर्डस मेरुला समोर येतो, त्याचा नर खरंच काळाकुट्ट असतो. आपल्याकडचा आहे टर्डस सिमिलिमस. पूर्वी दोघांना एकाच जातीत धरायचे, आता वेगळे मानतात. त्यातही आपल्या बाजूच्या सह्याद्रीतली उपजात नायग्रोपिलियस, आणि ती काळी नाहीच. नराचं अंग राखाडी-तपकिरी, पाटीच्या रंगाकडे झुकणारं. डोक्यावर काळी टोपी, पंख आणि शेपूट अंगापेक्षा गडद. चोच नारिंगी-पिवळी, डोळा काळा आणि त्याभोवती पिवळं बारीक कडं. पायही पिवळसर. लांबी साधारण २३ सेंमी, म्हणजे साळुंकीएवढाच.

टोपी आणि पाठ यांच्या रंगात फरक दिसला आणि डोळ्याभोवती पिवळं कडं दिसलं, की काम झालं. बाकी खुणा पडताळणीसाठी.

केव्हा आणि कुठे? पावसाळा सरल्यावर, साधारण नोव्हेंबर ते मार्च. वीण वर घाटात होते, थंडीत पक्षी खाली आणि दक्षिणेकडे सरकतात. त्यामुळे सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या डोंगरपायथ्याच्या भागात शक्यता जास्त. बोंडला आणि मोले परिसरातली ओली, सावलीची जागा तर हमखास. पणजी-म्हापशाच्या अंगणात "कस्तुर" दिसला तर आधी मैनेवर संशय घ्या.

आंब्याखालची_आबोली

सावलीत सगळेच काळे दिसतात. टोपी नाही की कडं नाही. तेव्हा काय बघायचं?

सत्तरीची_सई

आबोलीताई, तेव्हा रंग सोडा आणि पाय बघा. मैना चालते, एकेक पाऊल टाकत, मान पुढे-मागे करत. कस्तुर टुणटुण उड्या मारत थोडा पुढे जातो, एकदम थांबतो, मान तिरकी करून जमिनीकडे बघतो, मग चोच खुपसतो. उड्या, थांबा, चोच. ही लय एकदा डोळ्यात बसली की वीस मीटरवरून, नुसत्या आकृतीवरूनही ओळखता येते.

दुसरं म्हणजे आवाज. शीळ नव्हे, पाचोळ्याचा आवाज. कस्तुर चोचीने पानं डावी-उजवीकडे भिरकावतो. वाळक्या पातेऱ्यातून थांबून थांबून खसखस येत असेल आणि उंदीर-मुंगूस काही दिसत नसेल, तर दुर्बीण तिकडे लावून स्थिर उभं राहा. पक्षी दिसण्याआधी बऱ्याचदा उडालेलं पान दिसतं.

तिसरं, उडताना पंख बघा. जंगली मैनेच्या पंखावर पांढरा पट्टा आणि शेपटीच्या टोकाला पांढरं असतं, बसलेली असताना पट्टा झाकला जातो. कस्तुराच्या पंखात पांढरं काही नाही. दचकला तर तो खालच्या खाली, जमिनीलगत उडून दाट झुडपात शिरतो. मैना उडून तारेवर किंवा फांदीवर उघड्यावर बसते.

कुळागरवाला

सईने सांगितलंय त्यात जंगली मैनेच्या तोंडाचं जवळून वर्णन जोडतो, कारण फोटोत तेच कामाला येतं. चोचीच्या बुडाशी कपाळावर पिसांचा छोटा उभा तुरा. चोच पिवळी-नारिंगी, पण बुडाशी निळसर. डोळा फिकट, आपल्या भागात निळसर-पांढरा. डोळ्याभोवती पिवळं कडं नाही. म्हणजे फिकट डोळा, कडं नाही = जंगली मैना; काळा डोळा, पिवळं कडं = कस्तुर. नेहमीच्या साळुंकीच्या डोळ्यामागे पिवळी उघडी कातडी असते आणि अंग तपकिरी, तिच्यात गोंधळ व्हायचं कारण नाही.

बाकीचे संशयित भराभर उरकतो. मलबारी शीळकरी कस्तुर: चोच काळी, पाय काळे, कपाळ आणि खांद्यावर निळी चकाकी (ऊन पडलं तरच), ओहोळाच्या काठी. नर कोकीळ: लाल डोळा, फिकट हिरवट चोच, शेपूट लांब, पातेऱ्यात उतरून पानं उडवत बसणाऱ्यातला नाही. दयाळ: पंखावर पांढरा पट्टा आणि उभी शेपूट. कोतवाल: दुभंगलेली शेपूट, जमिनीवर चालत नाही.

नारिंगी डोक्याचा कस्तुर मात्र याच पातेऱ्यात, अगदी शेजारी शेजारी सापडतो. डोकं आणि पोट नारिंगी, पाठ निळसर-राखाडी, गालावर दोन उभ्या काळ्या रेघा, खांद्यावर पांढरा ठिपका. चुकायला वावच नाही. तो दिसला तर तिथेच थांबा, जागा बरोबर आहे.

रानभूल

नराचं ठीक. मादीचं काय? तपकिरी, तपकिरी आणि तपकिरी.

सत्तरीची_सई

खरी परीक्षा तीच. मादी मध्यम तपकिरी, पोटाकडे थोडी फिकट, टोपी नाही. चोच पिवळसर, पण नराइतकी झळझळीत नाही. एकटी किंवा नराच्या आसपास असते.

सर्वांत जास्त गल्लत सातभाईशी होते, कारण सातभाईचीही चोच पिवळट असते आणि तेही पातेराच उलथवतात. पण सातभाई टोळीने फिरतात, सतत कलकलाट करतात, त्यांचा डोळा फिकट आणि चेहरा रागीट, शेपूट लांब आणि सैल. कस्तुराच्या मादीचा डोळा काळा आणि शांत. टोळीतला एक सातभाई मागे राहिला की लोक फसतात, म्हणून दोन मिनिटं थांबा, बाकीचे सहा कुठून तरी ओरडतातच.

निळ्या शैल-कस्तुराची मादी: छाती-पोटावर खवल्यांसारखी नक्षी, चोच गडद. ती पातेऱ्यात नाही, दगडावर, पडक्या भिंतीवर किंवा घराच्या कौलांवर ताठ बसलेली मिळेल.

छातीवर काळ्या रेघोट्या असलेला, चिमणीपेक्षा किंचित मोठा तपकिरी पक्षी पानांत चालत असेल तर तो ठिपक्यांच्या छातीचा सातभाई. आकारानेच वेगळा पडतो.

आणि पोटावर ठिपके, अंगावर तांबूस छटा, आखूड शेपूट असं काही असेल तर तो कस्तुराचाच पोरगा असू शकतो. पण तो वीण होते त्या भागात, पावसाळ्यात किंवा लगेच नंतर.

दुर्बीणबहाद्दर

उपकरणांबद्दल थोडं. कुळागरात (पोफळी-मसाल्याच्या बागेत) १०×४२ पेक्षा ८×४२ दुर्बीण घ्या; पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिमीमध्ये. पोफळी आणि जायफळाखाली उजेड मुळात कमी. ८×४२ मध्ये डोळ्याशी येणारं प्रकाशाचं वर्तुळ ५.२५ मिमी, १०×४२ मध्ये ४.२. सकाळी साडेसहा-सातला हा फरक जाणवतो. शिवाय आठपटीत हाताची थरथर कमी दिसते आणि दृश्य रुंद असतं, उड्या मारणारा पक्षी चौकटीत राहतो. जवळचं फोकस दोन मीटरपर्यंत येतं का ते विकत घेतानाच दुकानात बघा, स्वस्त दुर्बिणीत ते चार-पाच मीटरला अडकतं.

जानेवारीत गोव्यात सूर्य सातच्या आसपास उगवतो. उजाडताना आधीच जागेवर बसलेलं बरं, पक्षी आल्यावर आपण गेलो की तो जातो. पक्ष्याच्या जागेपासून आठ-दहा मीटर, पाठीशी खोड किंवा भिंत, ऊन आपल्या मागून येईल असं बसा. पांढरा शर्ट नको. अर्धा तास न हलता बसता येईल असं आसन घ्या. मांडी घालून बसणारे पाचव्या मिनिटाला चुळबुळ करतात आणि तेवढ्यात खेळ संपतो.

फोटोत एक सापळा आहे. सावलीतला राखाडी पक्षी मोबाइल स्वतःहून उजळ करतो आणि टोपी नि पाठ यांतला फरक पुसून टाकतो. मागे ऊन असेल तर उलट होतं, पक्षी नुसता काळा. दोन्ही वेळा स्क्रीनवर पक्ष्यावर बोट ठेवून उजेड स्वतः ठरवा. ओळखीसाठी सुंदर फोटोची गरज नाही, बाजूने डोकं दिसणारा एक आणि उडतानाचा धूसर एक, एवढे पुरतात. भिजलेला पक्षी नेहमीपेक्षा काळा दिसतो, आंघोळीनंतरच्या फोटोवरून रंगाबद्दल वाद घालू नये.

पोफळीच्या_सावलीत

माझा प्रश्न बागेच्या बाजूने. पक्षी यावा म्हणून मुद्दाम काय करावं? दाणे ठेवून तर येणार नाही.

कुळागरवाला

दाणे नकोतच. गांडुळं, किडे, गोगलगायी आणि पिकलेली फळं हा त्याचा आहार. म्हणजे माती जपायची, खाणं वाढायचं नाही.

पहिली गोष्ट, पातेरा जाळू नका. आपल्याकडे अंगण झाडून सकाळी धूर केला नाही तर शेजारी काय म्हणतील असं वाटतं, पण तो धूर म्हणजे कस्तुराचं जेवण. घराभोवती स्वच्छता ठेवा, पण मागच्या बाजूला झाडाखाली दोन बाय तीन मीटरचा एक तुकडा सोडा. आंबा, फणस, काजू यांची पानं आठ-दहा सेंमी जाड पसरू द्या. त्याहून जाड थर खाली कुजतो, वास मारतो आणि पक्ष्यालाही उलथता येत नाही.

दुसरी गोष्ट ओल. फेब्रुवारी लागला की लाल माती दगडासारखी होते, गांडुळं खोल जातात आणि पक्षी ओल्या जागा शोधत फिरतात. कुळागरात पाटाचं पाणी ज्या वाफ्यात सोडलंय तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुर बघा, कोरड्या वाफ्यात बसून उपयोग नाही. घरच्या बागेत त्या तुकड्यावर संध्याकाळी एक-दोन झाऱ्या पाणी शिंपा. नुसतं वरवर शिंपडलं तर फक्त पानं ओली होतात. पानं बाजूला करून मातीत मुरेल असं घाला.

तिसरं, शेजारी दाट झुडूप हवं, दोन-तीन मीटरवर. धोका वाटला की शिरायला जागा असल्याशिवाय तो उघड्यावर येत नाही. पण अगदी चिकटून झुडूप नको, मांजर तिथेच दबा धरते.

मच्छरदाणी

पाण्याची भांडी ठेवा असं कुणी लिहिण्याआधी सांगते: डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. पक्ष्यांच्या नावाखाली घरोघर डासांची पैदास नको.

सत्तरीची_सई

रास्त आहे, पण उपाय सोपा. अंडी ते डास व्हायला आपल्या हवेत आठवडा-दहा दिवस लागतात. पाणी रोज बदललं तर चक्र पुरं होत नाही. फक्त ओतून टाकणं पुरत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि कोरडी राहूनही टिकतात. म्हणून दोन दिवसांआड नारळाच्या काथ्याने कडा घासायच्या. साबण नको. चार दिवस गावाला जाणार असाल तर भांडं पालथं घालून जा.

भांडं मातीचं, पसरट, आतून खडबडीत. खोली कडेला दोन-अडीच सेंमी, मध्ये पाच, त्याहून जास्त नाही. मध्ये एक सपाट दगड. कस्तुर जमिनीवरचा पक्षी, त्यामुळे खांबावरची उंच कुंडी बुलबुलांना आवडेल, याच्यासाठी जमिनीवर किंवा वीतभर उंच ठेवा.

आणि थेंब पडू द्या. थेंबाच्या आवाजाने पक्षी येतो, स्थिर पाणी त्याला दिसतही नाही. पाच लिटरचा कॅन फांदीला टांगा, नवी सलाइनची नळी जोडा, चकती फिरवून सेकंदाला एक थेंब ठेवा. साधारण वीस थेंबांचा एक मिली धरला तर तासाला १८० मिली, म्हणजे कॅन एक दिवसाहून थोडा जास्त चालतो. थेंब अर्ध्या मीटरवरून पडले तर टपटप चांगली ऐकू येते. नळी बंद पडते ती शेवाळाने. कॅन काळ्या फडक्यात गुंडाळला की शेवाळ धरत नाही.

मच्छरदाणी

रोज बदलणार असाल तर माझी हरकत नाही. घासायचं मात्र विसरतातच.

पोफळीच्या_सावलीत

कुळागरवाले बाब, कोळेरोगासाठी (सुपारी कुजवणारी बुरशी) बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारावंच लागतं, नाही तर सुपारी गळते. त्याचा पक्ष्यांवर परिणाम?

कुळागरवाला

फवारणी पावसाळ्याच्या तोंडाला आणि मग ४०-४५ दिवसांनी, पक्षी खाली येतो नोव्हेंबरनंतर, म्हणजे थेट गाठ पडत नाही. प्रश्न मोरचूदातल्या तांब्याचा आहे. ते धुऊन जात नाही, वरच्या मातीत साचत जातं, आणि तांबं वाढलं की गांडुळं कमी होतात. बोर्डो बंद करा असं मी म्हणणार नाही, सुपारीवर घर चालतं. पण वाया जाणारं तांबं वाचवता येतं.

एक टक्क्याचं म्हणजे मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर. दोन्ही ५०-५० लिटरमध्ये वेगळे कालवायचे, प्लास्टिकच्या पिंपात, मग मोरचूदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळायचं. घासलेलं लोखंडी पातं मिनिटभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं उरलंय, चुन्याची निवळी आणखी घाला. जुना, हवा लागून मेलेला चुना वापरला की हे होतंच, मग मिश्रण पानंही जाळतं. फवारा घोसावर मारा, बुंध्याशी सांडू देऊ नका. आणि लागेल तेवढंच कालवा, उरलेलं दुसऱ्या दिवशी चालत नाही. पिंप पाटात धुणं हा तर गुन्हाच समजा, पुढच्या सगळ्या वाफ्यांना ते पाणी जातं.

याहून वाईट म्हणजे गोगलगायींचं विष. आफ्रिकन गोगलगाय वाढली की लोक मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकतात. पक्षी, कुत्रा, मांजर, सगळ्यांना धोका. हातमोजे घालून रात्री टॉर्चने वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मोज्याशिवाय हात लावू नका, त्या गोगलगायीतून माणसालाही परजीवी लागतो. मीठ मातीवर टाकू नका.

रानभूल

गाणं कधी ऐकू येतं? थंडीत तर गप्पच असतो.

सत्तरीची_सई

थंडीत दचकल्यावरची किटकिट आणि बारीक ओढलेली हाक, बस्स. गाणं वीण सुरू झाल्यावर, पावसाळ्यात. चोर्ल्याच्या बाजूला पावसाची सर थांबली की नर उंच शेंड्यावर बसून गातो. भरीव, वळणावळणाचे सूर, तुकड्यांमध्ये थोडा विराम, मध्येच दुसऱ्या पक्ष्यांची नक्कल. शीळकरी कस्तुराचं गाणं वेगळं: माणसाने रस्त्याने जाताना विसरलेली चाल आठवत शीळ घालावी तसं, सूर वरखाली भरकटणारे, आणि जवळ पाणी वाहत असतं.

घरटं मुळं, शेवाळ आणि चिखलाचं वाटीसारखं, फार उंच नाही. सापडलं तर थांबू नका, फांदी वाकवून फोटो काढू नका. आपण मळलेली वाट मुंगूस आणि भारद्वाज दोघेही वापरतात. मोबाइलवरून आवाज वाजवून नराला बोलावणं तर बंदच करा, तो पिल्लांना भरवायचं सोडून न दिसणाऱ्या शत्रूशी भांडत बसतो. अंडी, घरट्याला हात लावणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसतं, हेही लक्षात असू द्या.

दुर्बीणबहाद्दर

पक्षी ओळखून देणाऱ्या मर्लिन ॲपबद्दल कुणी विचारेलच. वापरा, पण भारताचा संच उतरवून आणि ठिकाण गोवा ठेवून. ठिकाण चुकलं की युरोपातलं नाव पुढे येतं. आवाजावरून दिलेलं नाव हा फक्त इशारा. आपल्या रानात पल्लवपुच्छ कोतवाल आणि हरेवा हे दोघे नकलाकार, ॲपही फसतं. पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) नोंदवू नका. नोंदीत "टोपी गडद, कडं पिवळं, पंखात पांढरं नाही, पातेऱ्यात उड्या" एवढं लिहिलं तर तपासणाऱ्याला फोटो नसला तरी चालतो. फेब्रुवारीतली परसबागेतली पक्षिगणना चार दिवस असते आणि एका यादीला किमान १५ मिनिटं लागतात, तिथून सुरुवात करायला बरं.

परदेशी_पेडणेकार

आम्ही इंग्लंडात, स्विंडनला. इथे मागच्या अंगणात अगदी काळा, नारिंगी चोचीचा रोज येतो. एकाची चोच काळपट आणि पंख तपकिरी आहेत, ती मादी समजायची का?

कुळागरवाला

नाही हो. अंग काळं, पंख तपकिरी आणि चोच मळकट म्हणजे पहिल्या हिवाळ्यातला नर. चोच नंतर पिवळी होईल. मादी पूर्ण गडद तपकिरी, गळ्या-छातीवर पुसट रेघोट्या. तुमच्याकडे गल्लत होते ती स्टार्लिंगशी. तो चालतो, शेपूट आखूड, अंगावर ठिपके आणि चकाकी. तिथे वीण साधारण मार्च ते जुलै, अंडी तीन ते पाच, उबवायला १३-१४ दिवस. पिल्लं नीट उडता यायच्या आधीच घरट्याबाहेर पडतात, जमिनीवर दिसलं तर घरात आणू नका, आईबाप जवळच असतात. भिजवलेले बेदाणे आणि अर्धं कापलेलं सफरचंद जमिनीवर ठेवा. कुत्रा असेल तर बेदाणे नकोत, कुत्र्याला ते बाधतात.

आंब्याखालची_आबोली

आमच्या काचेच्या पडवीवर पक्षी आपटतात. कस्तुरही आपटेल का?

सत्तरीची_सई

आपटतो, जमिनीलगत वेगाने उडणारा पक्षी आहे. काचेत समोरची झाडं दिसतात, त्याला ती वाट वाटते. आतून पडदा किंवा ससाण्याचं एक स्टिकर उपयोगाचं नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूने पांढऱ्या टेपच्या उभ्या पट्ट्या मारा, दोन पट्ट्यांत पाच सेंमीहून जास्त अंतर नको. आपटून पडलेला असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी तासभर ठेवा. पाणी पाजू नका, नाकात जातं. मग बाहेर नेऊन खोकं उघडा.

रानभूल

आणि हा बघा फोटो, वाळपईच्या बाजूचा. नरासारखाच, पण डोक्यावर दोन-तीन पांढरी पिसं. नवी जात नाही ना?

कुळागरवाला

नाही. पिसांत रंगद्रव्य नसलेली जागा, कस्तुरांत असं अधूनमधून दिसतं. कडं पिवळं आहे, डोळा काळा आहे, पंखात काही नाही. कस्तुरच. उलट तुमचं नशीब, आता हा एकच पक्षी रोज वेगळा ओळखता येईल. तो कुठल्या वाफ्यात, किती वाजता येतो ते टिपून ठेवा, आणि मार्चमध्ये शेवटचा कधी दिसला ते इथेच लिहा.